अक्षरांची फोड करून दाखवणारे शू शेन : तीन आडव्या रेघा आणि एका उभ्या रेघेची गोष्ट



आजचा लेख वाचायला सुरुवात करण्याआधी हाताशी एक कागद आणि पेन्सिल घ्या. एकाखाली एक अशा तीन आडव्या रेघा ओढा. मधली थोडी आखूड ठेवा. आता वरच्या रेघेच्या मध्यापासून खालच्या रेघेच्या मध्यापर्यंत एक उभी रेघ ओढा. उभी रेघ वर किंवा खाली बाहेर जाऊ देऊ नका. झालं! तुम्ही एक चिनी अक्षर लिहिलंत. त्याचा उच्चार 'वांग' आणि अर्थ 'राजा'. बातम्यांमध्ये वांग हे चिनी आडनाव आपण नेहमी ऐकतो, ते याच अक्षराने लिहितात.

आता प्रश्न असा, की चार रेघांमध्ये राजा कुठे दिसतो? ना मुकुट, ना सिंहासन, ना मिशा! मग या आकाराचा अर्थ राजा कसा झाला?

हा प्रश्न एका माणसाने एकोणीसशे वर्षांपूर्वी स्वतःला विचारला. एकाच अक्षराबद्दल नाही, तर नऊ हजारांहून जास्त अक्षरांबद्दल विचारला आणि बहुतेकांचं उत्तर लिहून ठेवलं. त्यांचं नाव शू शेन. चीनमध्ये शाळकरी मुलांनाही त्यांच्या ग्रंथाचं नाव माहीत असतं. आपल्याकडे मात्र त्यांच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून आज त्यांचं चरित्र आपण पाहणार आहोत.

आधी थोडं चिनी अक्षरांविषयी

आपल्या मराठीत अक्षर म्हणजे आवाज. 'क' पाहिला की 'क' म्हणायचं, त्याला स्वतःचा अर्थ नाही. चिनी लिपीत तसं नाही. तिथे साधारणपणे एक अक्षर म्हणजे एक उच्चार आणि त्यासोबत एक अर्थ. म्हणून आपण बाराखडी पाठ करून कोणताही शब्द वाचू शकतो, पण चिनी मुलाला हजारो अक्षरं एकेक करून शिकावी लागतात. अशा लिपीत 'हे अक्षर असं का?' हा नुसता गंमतीचा प्रश्न राहत नाही. अक्षराचे भाग ओळखता आले तर ते लक्षात राहतं. भाग चुकीचे ओळखले तर अर्थही चुकतो.

जन्म आणि काळ

शू शेन यांचा जन्म इसवी सनाच्या पहिल्या शतकात, हान राजवटीच्या काळात झाला. त्यांचं गाव रूनान प्रांतातलं शाओलिंग. आजच्या नकाशात ते हनान प्रांतातल्या लुओहे शहराच्या हद्दीत येतं. राजधानी होती लुओयांग.

त्यांच्या जन्माआधी सुमारे अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी चीनमध्ये दोन मोठ्या गोष्टी घडल्या होत्या. त्या समजल्याशिवाय त्यांचं काम समजणार नाही.

पहिली गोष्ट. इ.स.पू. २२१ मध्ये छिन घराण्याच्या सम्राटाने सगळी राज्यं जिंकून चीन एक केला. तोपर्यंत वेगवेगळ्या राज्यांत तीच अक्षरं वेगवेगळ्या वळणांनी लिहिली जात. सम्राटाचा मंत्री ली स याने सर्वांसाठी एक ठरावीक वळण आणलं. त्याला लघुमुद्रा लिपी म्हणूया. गोलाईदार, सावकाश काढायची, शिक्क्यावर शोभेल अशी ही लिपी. पुढे इ.स.पू. २१३ मध्ये याच सम्राटाच्या हुकमाने पुष्कळ जुने ग्रंथ जाळले गेले.

दुसरी गोष्ट. सरकारी कामकाज वाढलं. कारकुनांना रोज ढीगभर लिहावं लागे. गोलाईदार अक्षरं काढत बसायला वेळ कुणाला? म्हणून त्यांनी वळणं सरळ केली, रेघा जोडल्या, काही गाळल्या. अशी कारकुनी लिपी तयार झाली. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी होती ना, तसंच समजा. पोथी बाळबोधेत आणि दप्तर मोडीत. झरझर लिहिता यावं म्हणून मोडीचं वळण बदललं. फरक एवढाच, की चीनमध्ये ही झटपट लिपीच हळूहळू सगळ्यांची लिपी झाली आणि जुनं वळण लोक विसरू लागले.

शू शेन जन्मले तेव्हा ही परिस्थिती होती. मुलं कारकुनी लिपी शिकत होती आणि अक्षर मुळात कसं होतं हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

शिक्षण आणि गुरू

हान काळात विद्वान म्हणजे ज्याने पाच प्राचीन ग्रंथांचा अभ्यास केला आहे तो. या ग्रंथांवरून विद्वानांमध्ये दोन तट होते. एका गटाकडे कारकुनी लिपीत नव्याने लिहून काढलेल्या प्रती होत्या. दुसऱ्या गटाचा विश्वास जुन्या लिपीतल्या प्रतींवर होता. अशा काही प्रती कन्फ्यूशियसच्या घराच्या भिंतीत लपवलेल्या सापडल्या, असं तेव्हा सांगितलं जाई. जुन्या प्रती वाचायच्या तर जुनी अक्षरं यायला हवीत, हे उघड आहे.

शू शेन यांचे गुरू जिया ख्वे हे जुन्या प्रतींच्या बाजूचे मोठे विद्वान होते. त्यांच्या हाताखाली शू शेन तयार झाले. अभ्यास इतका पक्का, की पाच ग्रंथांत त्यांच्या तोडीचा दुसरा कोणी नाही असं लोक त्यांच्या हयातीतच म्हणू लागले. पण गंमत बघा, हान काळाच्या इतिहासग्रंथात त्यांचं चरित्र अगदी मोजक्या ओळींत संपतं. स्वभावाने सरळ, अभ्यासू, जिल्ह्याच्या कचेरीत अधिकारी, पुढे राजधानीत नोकरी, मग एका तालुक्याचं प्रमुखपद आणि शेवटी घरी मृत्यू. एवढंच.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट त्यांच्या मुलाने लिहिलेल्या अर्जातून कळते. राजाज्ञेने शू शेन राजवाड्याच्या ग्रंथालयात जुन्या प्रती ताडून पाहण्याचं काम करत होते आणि राजवाड्यातल्या तरुण सेवकांना शिकवतही होते. म्हणजे आपल्यासारखेच शिक्षक! दिवसभर कुणाला तरी अक्षरं समजावून सांगणं हा त्यांच्या कामाचा भाग होता.

हा ग्रंथ का लिहावा लागला?

शू शेन यांनी आपल्या ग्रंथाच्या शेवटी एक मोठा लेख जोडला आहे. त्यात त्यांनी आपली तळमळ मांडली आहे. जुन्या काळी मूल आठ वर्षांचं झालं की शाळेत जाई आणि तिथे आधी अक्षरं कशी बनतात ते शिकवलं जाई, असं ते सांगतात. कारकून व्हायचं तर सतरा वर्षांवरच्या उमेदवाराला हजारो अक्षरांची परीक्षा द्यावी लागे, असा हान राजवटीचा नियमही होता. पण त्यांच्या काळापर्यंत ही परीक्षा बंद पडली होती.

परिणाम काय झाला? ज्याला जे वाटेल ते तो सांगू लागला. धान्य मोजायच्या मापाचं एक अक्षर होतं. कारकुनी वळणात ते 'माणूस' आणि 'दहा' या दोन अक्षरांसारखं दिसे. झालं, लोक सांगू लागले की दहा हातात धरलेला माणूस म्हणजे हे माप! मुळात ते त्या मापाचंच चित्र होतं, दांड्यासकट.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येईल. पण हीच सवय न्यायाधिकाऱ्यांनाही लागली होती. लोकांना छळून पैसे उकळणाऱ्याबद्दल कायद्यात एक कलम होतं. त्यात छळ या अर्थाचं जे अक्षर होतं, त्याचा वरचा भाग वनस्पतीची खूण आणि खालचा भाग उच्चार सांगणारा. अधिकारी मात्र वरच्या भागाला 'थांबणे' असं समजत आणि त्यावरून कलमाचा अर्थ लावत. म्हणजे अक्षराची फोड चुकली की कायद्याचा अर्थ फिरणार आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचा निकालही त्यावर ठरणार.

शू शेन यांना हे सहन होत नव्हतं. पण नुसतं चूक म्हणून भागत नाही, बरोबर काय ते दाखवावं लागतं. म्हणून ते कामाला लागले.

शुओवेन जिएझी

त्यांच्या ग्रंथाचं नाव शुओवेन जिएझी. नावातच सगळं काम सांगितलं आहे. चिनी अक्षरांचे त्यांनी दोन प्रकार मानले. 'वेन' म्हणजे साधी, अखंड चिन्हं. 'झी' म्हणजे अशी चिन्हं जोडून तयार झालेली अक्षरं. आपल्याकडे मूळ अक्षर आणि जोडाक्षर असतं तसं काहीसं. साध्या चिन्हांचा अर्थ सांगायचा आणि जोडलेल्यांची फोड करायची, असा नावाचा अर्थ. त्यातलं 'जिए' म्हणजे फोडणे हे अक्षर पाहा. त्यात तीन भाग आहेत : शिंग, सुरी आणि बैल. सुरीने बैलाचं शिंग वेगळं करणे, म्हणजे फोडणे!

हे काम त्यांनी कशावर केलं असेल, याचा विचार करा. त्साय लुन याने कागद बनवण्याची सुधारलेली पद्धत सम्राटापुढे ठेवली ती इ.स. १०५ मध्ये. शू शेन यांनी ग्रंथाचा शेवटचा लेख लिहिला तो इ.स. १०० मध्ये. म्हणजे हे काम झालं तेव्हा लिहायला मुख्यतः बांबूच्या पट्ट्या आणि महागडं रेशमी कापड होतं.

ग्रंथात ९,३५३ अक्षरं आहेत आणि त्याशिवाय १,१६३ अक्षरांची दुसरी रूपं. एवढी अक्षरं लावायची कशी? आपला शब्दकोश अ, आ, इ, ई असा लावता येतो. चिनीत ती सोय नाही. शू शेन यांनी तोड काढली. त्यांनी अक्षरांतले समान भाग शोधले आणि ५४० गट केले. पाण्याची खूण असलेली सगळी एका गटात, झाडाची दुसऱ्या, तोंडाची तिसऱ्या. पहिला गट 'एक' या अक्षराचा, म्हणजे एका आडव्या रेघेचा. अशा रीतीने कोश लावण्याची ही पहिलीच वेळ. पुढे गटांची संख्या कमी झाली, १७१६ च्या प्रसिद्ध कांगशी कोशात ती २१४ आहे, पण पद्धत तीच राहिली. चिनी शब्दकोशात आजही अशा घटकांवरून अक्षर शोधता येतं.

अक्षरं बनतात तरी कशी?

शू शेन यांनी अक्षरं बनण्याचे आणि वापरण्याचे सहा प्रकार समजावून सांगितले. त्यातले चार मुलांनाही कळतील असे आहेत.

१. चित्र : वस्तूचा आकार काढायचा. उदाहरणार्थ सूर्य आणि चंद्र.

२. खूण : ज्याचं चित्र निघत नाही ते खुणेने दाखवायचं. आडव्या रेघेच्या वर खूण केली की 'वर', खाली केली की 'खाली'.

३. अर्थांची जोड : दोन अर्थ मिळून तिसरा अर्थ. माणूस आणि बोलणं मिळून 'विश्वास'. माणसाने बोललेलं पाळावं, हा भाव.

४. अर्थ आणि आवाजाची जोड : एक भाग विषय सांगतो, दुसरा उच्चार. 'च्यांग' आणि 'हे' ही चीनमधल्या दोन महानद्यांची जुनी नावं. दोन्हींत डावीकडे पाण्याची खूण आहे आणि उजवीकडचा भाग फक्त आवाज सांगतो. बहुसंख्य चिनी अक्षरं याच प्रकारची आहेत.

उरलेले दोन प्रकार एका अक्षराचा दुसऱ्या शब्दासाठी कसा वापर होतो, त्याविषयीचे आहेत.

तीन रेघांचा राजा

आता आपल्या कागदावरच्या अक्षराकडे येऊ. 'वांग' म्हणजे राजा. शू शेन यांनी त्याचं उत्तर आधीच्या थोर विद्वानांच्या आधारे दिलं. त्यात मुख्य नाव दोंग चोंगशू यांचं, जे शू शेन यांच्या दीड-दोनशे वर्षं आधी होऊन गेले. तीन आडव्या रेघा म्हणजे आकाश, माणूस आणि पृथ्वी. या तिघांना जोडणारी उभी रेघ ज्याची, तो राजा. शिवाय 'वांग' या उच्चाराचंच दुसरं एक अक्षर आहे, त्याचा अर्थ जाणे. सगळे लोक ज्याच्याकडे ओढीने जातात तो राजा, असंही त्यांनी सांगितलं.

किती सुंदर अर्थ आहे! राजाने कसं असावं याचा धडाच चार रेघांत आला. हा अर्थ चीनमध्ये पुढे अठराशे वर्षं शिकवला गेला.

त्याच्या शेजारचं एक अक्षरही पाहू. 'यू' म्हणजे जेड नावाचा मौल्यवान दगड. हिरवट, गुळगुळीत, दागिन्यांत वापरतात तो. जुन्या वळणात तेही तीन आडव्या आणि एक उभी रेघ असंच लिहीत. पण तिथे उभी रेघ म्हणजे दोरा आणि आडव्या रेघा म्हणजे त्यात ओवलेले जेडचे तुकडे. राजाच्या अक्षरात मधली रेघ जरा वरच्या बाजूला, जेडच्या अक्षरात बरोबर मध्यावर. एवढ्याशा फरकाने घोटाळा व्हायचा तो होतच असणार. पहिलीची मुलं 'घ' आणि 'ध' मध्ये किंवा 'भ' आणि 'म' मध्ये कशी गडबडतात, हे आपण रोज बघतो. म्हणून पुढे जेडच्या अक्षराला एक ठिपका जोडला गेला. तो ठिपका आजही आहे.

कोऱ्या सोडलेल्या जागा

शू शेन यांचा ग्रंथ वाचताना शिक्षक म्हणून आपण थांबावं अशी एक जागा आहे. खरं तर अनेक जागा आहेत. काही अक्षरांपाशी त्यांनी चक्क नोंदवलं आहे की इथलं स्पष्टीकरण रिकामं आहे. जे आपल्याला माहीत नाही ते रिकामं सोडलं आहे, असं त्यांनी शेवटच्या लेखातही मान्य केलं आहे. एखाद्या अक्षराबद्दल दोन मतं असतील तर दुसरं मतही ते खाली देतात. कोणाकडून ऐकलं त्याचं नाव बरेचदा सांगतात. जाणकारांना विचारून आणि गुरू जिया ख्वे यांच्याकडून तपासून घेऊनच ग्रंथ सिद्ध केला, असं त्यांच्या मुलाने नमूद केलं आहे.

आणखी काही रिकाम्या जागा आहेत, पण त्यांचं कारण निराळं. त्यांच्या राजवटीतल्या काही सम्राटांच्या नावातली अक्षरं. सम्राटाचं नाव उच्चारणं किंवा लिहिणं तेव्हा निषिद्ध होतं. म्हणून तिथे अर्थ न देता हे सम्राटाचं नाव आहे एवढंच नोंदवून ते पुढे गेले. म्हणजे एक मौन न कळल्याचं आणि एक मौन राजाच्या धाकाचं. दोन्ही त्यांनी लपवली नाहीत.

ग्रंथ दरबारात पोहोचतो

इ.स. १०० मध्ये शेवटचा लेख लिहिला, पण ग्रंथ सम्राटापुढे गेला तो तब्बल एकवीस वर्षांनी, इ.स. १२१ मध्ये. तेव्हा गादीवर सम्राट आन होते. शू शेन आजारी होते. स्वतः राजधानीपर्यंत जाण्याची ताकद नव्हती. त्यांचा मुलगा शू चोंग वडिलांचा ग्रंथ घेऊन गेला आणि सोबत एक विनंतीपत्र दिलं. दरबाराने ग्रंथ ठेवून घेतला आणि मुलाला बक्षीस म्हणून कापडाचे चाळीस तागे दिले.

पुढची शेकडो वर्षं हा ग्रंथ हाताने उतरवला जात राहिला. उतरवताना चुकाही झाल्या. इ.स. ९८६ मध्ये शू श्वान या विद्वानाने राजाज्ञेने त्याची शुद्ध प्रत तयार केली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात द्वान यूत्साय यांनी तीस वर्षांहून जास्त काळ खपून त्यावर मोठं भाष्य लिहिलं, ते १८१५ मध्ये छापून झालं आणि त्याच वर्षी द्वान यूत्साय वारले.

मातीखालची हाडं

इथपर्यंतची गोष्ट एका यशस्वी ग्रंथाची आहे. पण १८९९ मध्ये वेगळंच काही घडलं.

हनान प्रांतात आनयांग शहराजवळ शेतकऱ्यांना जमिनीत जुनी हाडं सापडत. ड्रॅगनची हाडं म्हणून ती औषधांच्या दुकानांत विकली जात आणि कुटून औषधात घातली जात. १८९९ मध्ये बीजिंगमधल्या राजकीय विद्यापीठाचे प्रमुख वांग यीरोंग यांच्या लक्षात आलं की अशा हाडांवर कोरलेल्या खुणा म्हणजे अतिशय जुनी अक्षरं आहेत. (हो, त्यांचं आडनावही आपलं तीन रेघांचंच!) दुर्दैवाने पुढच्याच वर्षी परकी फौजा बीजिंगमध्ये शिरल्या तेव्हा त्यांनी आत्महत्या केली. पण १९०३ मध्ये ल्यू अ यांनी अशा लेखांचं पहिलं पुस्तक छापलं. १९२८ पासून आनयांगला रीतसर उत्खनन सुरू झालं. आजवर असे दीड लाखाच्या आसपास तुकडे मिळाले आहेत.

ही होती शांग राजांची हाडं. कासवाच्या पोटाचं कवच किंवा बैलाच्या खांद्याचं हाड तापवायचं, त्याला तडे जात, त्या तड्यांवरून भविष्य सांगायचं. पाऊस पडेल का, लढाई जिंकू का, राणीचं बाळंतपण नीट होईल का, असे प्रश्न त्यावरच कोरलेले. काळ इ.स.पू. १२०० च्या सुमाराचा. म्हणजे शू शेन यांच्याही तेराशे वर्षं आधीचा! त्यांचं गाव आणि ही हाडं, दोन्ही आजच्या एकाच हनान प्रांतात. पण ती जमिनीखाली होती, त्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

या हाडांवर राजाचं अक्षर कसं होतं? तिथे तीन सारख्या रेघा नाहीत. खालची रेघ रुंद आहे, आणि पुढच्या काळातल्या काशाच्या भांड्यांवर तर ती जाड आणि चंद्रकोरीसारखी वाकलेली दिसते. वर निमुळता होत गेलेला भाग. ती कुऱ्हाड आहे, पातं खाली केलेली! आज बहुतेक अभ्यासक हाच अर्थ मानतात. युद्धाची आज्ञा देण्याचा आणि शिक्षा करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, तो राजा. १९७६ मध्ये आनयांगला फू हाव या राणीची समाधी सापडली. ही राणी सैन्य घेऊन लढायला जात असे. तिच्या समाधीत काशाच्या भल्या मोठ्या कुऱ्हाडी निघाल्या आणि त्यांवर तिचं नाव होतं. कुऱ्हाड हे सत्तेचं चिन्ह होतं याचा हा धडधडीत पुरावा.

म्हणजे आकाश, माणूस आणि पृथ्वी यांना जोडणारा राजा नंतर आला. आधी आली कुऱ्हाड.

हत्ती की माकड?

आणखी एक उदाहरण आपल्याला जवळचं वाटेल. 'वेइ' म्हणजे करणे, बनवणे. शू शेन यांनी या अक्षरात माकड पाहिलं. वर पंजा, खाली माकडाचं अंग. हाडांवर मात्र हेच अक्षर अगदी स्पष्ट आहे : एक हात आणि त्यापुढे सोंडेचा हत्ती. हत्तीला हाताने धरून कामाला लावणे, म्हणजे 'करणे'.

शू शेन यांना हत्ती का दिसला नाही? कारण त्यांच्या कोशातच आहे. हत्ती या अक्षराखाली त्यांनी लिहिलं आहे की हा दूर दक्षिणेकडच्या देशातला मोठा प्राणी. शांग काळात हनानच्या परिसरात हत्ती होते. हनानचं जुनं नाव 'यू', त्या अक्षराच्या पोटातही हत्ती आहे. पण शू शेन यांच्या काळापर्यंत हत्ती तिथून नाहीसे झाले होते आणि अक्षराचं वळणही ओळखू न येण्याइतकं बदललं होतं. जो प्राणी आपल्या मुलखात नाहीच, तो आपल्या अक्षरात कसा दिसणार? आपल्याकडे माहुताला विचारलं असतं तर त्याने हाडावरचं चित्र झटकन ओळखलं असतं!

मग शू शेन यांचं काय उरलं?

इथे घाईने निष्कर्ष काढू नका. ही हाडं वाचली कशी गेली, ते आधी बघू.

समोर अनोळखी खुणा. किल्ली कोणती? अभ्यासकांनी हाडांवरची अक्षरं काशाच्या भांड्यांवरच्या अक्षरांशी ताडली, ती लघुमुद्रा लिपीशी आणि तिथून आजच्या अक्षरापर्यंत साखळी जोडली. या साखळीतली लघुमुद्रा लिपीची कडी जपून ठेवली होती शू शेन यांच्या ग्रंथाने. सुन यीरांग, लुओ चन्यू, वांग ग्वोवेइ या विद्वानांच्या हाताशी शुओवेन जिएझी नसता, तर हाडं कदाचित मुकीच राहिली असती. म्हणजे शू शेन यांच्या चुका ज्यामुळे कळल्या, ते वाचन त्यांच्याच ग्रंथामुळे शक्य झालं.

आणि राजाच्या अक्षराची गंमत अजून बाकी आहे. आकाश, माणूस आणि पृथ्वीचा अर्थ सांगून झाल्यावर शू शेन यांनी त्याच नोंदीत या अक्षराचं एक जुनं रूपही काढून ठेवलं आहे. त्या रूपात खालची रेघ सरळ नाही, वाकलेली आहे. त्यांच्या अर्थात ती बसत नव्हती. पृथ्वीची रेघ वाकडी का असावी? पण जुन्या प्रतीत जे दिसलं ते त्यांनी गाळलं नाही, सरळही केलं नाही. अठराशे वर्षांनी कळलं की ते वाकलेपण म्हणजे कुऱ्हाडीच्या पात्याची धार.

मला स्वतःला या चरित्रातली सर्वात मोठी गोष्ट ही वाटते. उत्तर चुकलं तरी पुरावा जपला. ज्यांनी नुसतं हे असंच आहे म्हणून सांगितलं, त्यांची चूक आपण दुरुस्त करू शकत नाही, फक्त सोडून देऊ शकतो. ज्याने फोड करून, कारण देऊन, ऐकीव काय आणि पाहिलेलं काय हे सांगून लिहिलं, त्याच्या कामावर पुढचा माणूस उभा राहू शकतो.

आपल्या वर्गासाठी

शब्दांचे मूळ शोधण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. यास्काचार्यांचे निरुक्त त्यासाठीच लिहिले गेले. आणि दुसरीकडे शब्दांचे भलतेच उगम सांगणारे निरोप आपल्या मोबाईलवर रोज येत असतात. ऐकायला इतके गोड, की आपण लगेच वर्गात सांगतो. मापाच्या अक्षरात दहा धरलेला माणूस पाहणारे लोक काही फक्त हान काळात नव्हते. म्हणून एवढं करून बघूया :

- मुलांना राजाचं अक्षर फळ्यावर काढून दाखवा. आधी त्यांना अंदाज करू द्या, कारण विचारा. मग शू शेन यांचं उत्तर सांगा आणि शेवटी कुऱ्हाडीचं.
- जोडाक्षरांची फोड करताना 'क्ष' मध्ये 'क' आणि 'ष', 'ज्ञ' मध्ये 'ज' आणि 'ञ' हे नुसतं पाठ करून न घेता लिहून, जोडून बघू द्या.
- शब्दाचा उगम सांगताना तो कुठून कळला तेही सांगा.
- वर्गात एक कोरा कागद लावा. ज्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही तो प्रश्न त्यावर लिहायचा. उत्तर मिळेल तेव्हा ज्याला मिळालं त्याने भरायचं, मग ते वर्षभराने का असेना.

पालकहो, मुलाने घरी असं का म्हणून विचारलं आणि उत्तर ठाऊक नसेल, तर तुमच्याही फ्रिजवर असा एक कागद लावायला हरकत नाही. शू शेन यांच्यासारख्या विद्वानालाही जागा कोऱ्या सोडाव्या लागल्या, मग आपण कशाला लाजायचं?

तुमच्या वर्गात मुलांनी तीन रेघांच्या राजात काय काय पाहिलं, ते जरूर कळवा. वाचायला आवडेल.